ते इंजिन नारिंगी नव्हतं

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. त्याची बातमी तुमच्या रविवारच्या पानावर आली. पान चांगलं होतं, फोटो मोठे होते, आणि जुन्या गाड्यांना अर्धं पान दिल्याबद्दल आधी तुमचे आभार. पण मधल्या फोटोखाली एक ओळ होती, '१९३८ ची शेव्हरले, इंजिनासह अगदी मूळ रूपात'. फोटोत बॉनेट उघडं होतं आणि आतलं इंजिन नागपुरी संत्र्यासारखं नारिंगी होतं. माझा चहा निवला, पण मी त्या फोटोवरून नजर काढली नाही.

माझं लक्ष्मीपुरीत रंगाचं दुकान आहे. भिंतींचा रंग आमच्याकडे कमी. कारखान्यांचा, मशिनरीचा आणि गाड्यांचा जास्त. आमचे मालक गेले तेव्हापासून, म्हणजे तेवीस वर्षं, गल्ल्यावर मीच बसते. उद्यमनगरातले फिटर, शिरोलीचे पंपवाले, गॅरेजची पोरं, सगळी मला वहिनी म्हणतात. पत्र लिहायची सवय नाही, उधारीची वही तेवढी लिहिते. तरी हे लिहिते आहे, कारण रंगाच्या बाबतीत चूक छापून आली की ती दुसऱ्या दिवसापासून माझ्या काउंटरवर येऊन उभी राहते.

आलीच. बातमीनंतर चौथ्या दिवशी एक मुलगा आला.

"वहिनी, शेव्हरलेचा भगवा द्या. एक लिटर."

"गाडी कुठल्या सालची?"

"एक्केचाळीसची."

"मग भगवा कशाला? तिला ग्रे लागतो."

"पेपरात भगवाच हाय की ओ. आणि मोबाइलवर पण."

मोबाइलवर असणारच. शेव्हरलेचं इंजिन म्हटलं की अमेरिकेतल्या व्ही-८ वाल्यांचे फोटो आधी येतात, आणि ती इंजिनं नारिंगी असतातच. पण तो रंग कंपनीने १९५५ साली आणला, ४.३ लिटरचं नवं आठ सिलिंडरचं इंजिन काढलं तेव्हा. १९३८ च्या गाडीत असतं ते सरळ सहा सिलिंडरचं, २१६ घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, ८५ हॉर्सपॉवरचं इंजिन. ते करड्या रंगात बाहेर पडायचं. ब्लॉक करडा, वरचं टॅपेट कव्हर करडं. डायनमो आणि सेल्फ काळे. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणारा भाग, नुसतं बीड, बिनरंगी ओतीव लोखंड. तुमच्या फोटोतली गाडी रस्त्यावर आली तेव्हा त्या नारिंगीचा जन्म व्हायला अजून सतरा वर्षं होती. पेशव्यांच्या दरबारात कुणी मनगटी घड्याळ घालून बसावं, तसं ते दिसतं. आणि त्या फोटोत मॅनिफोल्डसुद्धा नारिंगी होता! तो पहिल्या पन्नास किलोमीटरमध्येच करपला असणार, प्रदर्शनापर्यंत ट्रॉलीवर आणला असेल तर गोष्ट वेगळी.

गाडीच्या मालकांवर माझा राग नाही. जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात १९२८ पासून पेट्यांतून सुटे भाग येऊन गाड्या जोडल्या जात होत्या. तिथून निघालेल्या अनेक गाड्या पुढे टॅक्सी झाल्या, कुणाच्या वाड्यात सडल्या, शेवटी भंगारात गेल्या. ज्याने एक जरी वाचवली त्याला माझा नमस्कार. स्वतःची गाडी त्याने गुलाबी केली तरी मी गुलाबी रंग मोजून देईन. माझं म्हणणं दोनच शब्दांपुरतं आहे, 'मूळ रूप'. हे दोन शब्द लिहायच्या आधी कुणीतरी टॉर्च घेऊन इंजिनामागे वाकलं होतं का?

हे मी कुणाला शिकवण्याच्या थाटात विचारत नाही, कारण मी स्वतः वाकले नव्हते. ती गोष्ट सांगते.

२००९ च्या उन्हाळ्यात कागलकडचे एक शेतकरी आले. सासऱ्यांनी लिलावात घेतलेली लढाईच्या काळातली जीप त्यांच्याकडे आली होती. पोरगा म्हणत होता विकू, हे म्हणत होते उभी करू. इंजिन उतरवून मेस्त्रीकडे दिलं होतं आणि त्यासाठी रंग हवा होता. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक नळी काढली, इंजिनात ऑइल ओततात तिथली. तेलाने काळी झालेली, पण गळ्यापाशी पट्टी बसायची तेवढी जागा शाबूत होती, आणि तिथे स्वच्छ करडा रंग होता. ते म्हणाले, "वहिनी, हाच रंग द्या. आतनं हाच निघालाय."

मी नळी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, "काका, हा प्रायमर आहे, रंगाखालचं अस्तर. जीप म्हणजे मिलिटरी हिरवा."

एवढ्या खात्रीने म्हणाले की ते गप्प बसले. ऑलिव्हचे दोन डबे घेऊन गेले. मेस्त्रीने नळीसकट सगळे भाग कॉस्टिक सोड्याच्या पिंपात टाकून धुतले, आणि इंजिन हिरवंगार झालं.

दोन वर्षांनी त्यांच्याकडे बाहेरगावचा एक पाहुणा आला, मिलिटरी गाड्यांचा नादिष्ट. त्याने जीपभोवती एक फेरी मारली, मग खाली बसून बोल्टांची डोकी अंगठ्याने पुसली. बोल्टावर इंग्रजी 'एफ' होता. दुसऱ्यावरही होता. मग पुढचा आडवा पाइप बघितला, तर पाइपच नव्हता. विलीजच्या जीपला तिथे गोल नळी असते, हिला उलट्या पन्हाळीसारखी पट्टी होती. शेवटी ब्लॉकवर ठोकलेला नंबर बघितला, 'जीपीडब्ल्यू'ने सुरू होणारा. जीप एकाच आराखड्याची, पण लढाईत ती दोन कारखाने बनवत होते. विलीजची ती एमबी आणि फोर्डची ती जीपीडब्ल्यू. इंजिनही तेच, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर, भाग एकमेकांत चपखल बसणारे. पण विलीज इंजिनाला ऑलिव्ह द्यायची आणि फोर्ड करडा. काकांनी आणलेला रंग फोर्डचा होता. नळीवरचा पुरावा माझ्या हातात होता आणि मी त्याला प्रायमर म्हटलं होतं.

मी कागलला गेले, म्हटलं परत रंगवून देते, माझ्या खर्चाने. काकांनी चहा पाजला आणि म्हणाले, "राहू द्या ओ वहिनी. बॉनेटखाली कोण बघतंय." त्यांनी मोठ्या मनाने म्हटलं. पण नळी धुतली गेली होती, आणि आता करडा द्यायचा म्हटलं तरी नेमका कुठला करडा, ते सांगणारं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर शिकले. प्रायमर आणि शेवटचा रंग यांच्यातला फरक ओळखायला मशीन लागत नाही, वॉटर पेपर पुरतो. हजार नंबरचा पेपर पाण्यात भिजवून नखाएवढ्या जागेवर गोल गोल हलक्या हाताने फिरवायचा. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी वलयं दिसू लागतात. बाहेरचं वलय शेवटच्या रंगाचं, मधोमध लोखंड. आता दोन वलयांच्या मधली रेघ बघायची. करड्यावर पुढचा रंग थेट बसला असेल तर तो करडा प्रायमर असू शकतो. पण करडा आणि पुढचा रंग यांच्यामध्ये काळपट रेघ असेल, तेलाची, धुळीची, तर तो करडा कधीतरी उघडा होता, त्याने रस्ता बघितला होता. काकांच्या नळीवर तर करड्याच्या वर तेलाशिवाय काही नव्हतंच. अक्कल असती तर तेवढ्यावरून कळायला हवं होतं. (सुका पेपर मारू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असतं. पाणी लावून घासा, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. आमच्या दुकानातल्या पोरांना हे मी रोज सांगते, रोज विसरतात.)

पुरावा सापडायच्या जागाही ठरलेल्या आहेत. इंजिनाच्या नंबरप्लेटखाली, डायनमोचा ब्रॅकेट ब्लॉकला टेकतो तिथे, वॉटर पंपाच्या तोंडाशी, सेल्फच्या मागे, जिथे रंगाची गन पोचत नाही आणि मेस्त्रीचा हातही पोचत नाही तिथे. आपल्या गॅरेजांत पूर्वी बोअरिंग करून इंजिन परत बसवताना सरसकट चांदी मारायची रीत होती, तेव्हा वरचा थर बहुतेक वेळा ॲल्युमिनियम रंगाचाच निघतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तेलाची खपली जिथे सगळ्यांत जाड, तिथला रंग सगळ्यांत चांगला टिकतो. आपण ज्याला घाण म्हणतो तिने पाऊणशे वर्षं त्याला हवा लागू दिलेली नसते. ती रॉकेल आणि कापसाच्या बोळ्याने काढायची, चमच्याने साय काढावी तशी.

आणि कॉस्टिक नंतर, अगदी शेवटी. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण कोल्हापुरात इंजिन उघडलं की पहिलं पाऊल पिंपाकडेच पडतं.

गेल्या पावसाळ्यात जयसिंगपूरचे एक डॉक्टर त्यांच्या १९२९ च्या फोर्ड ए मॉडेलचा विषय घेऊन आले. हे इंजिन ३.३ लिटरचं, चार सिलिंडरचं, ४० हॉर्सपॉवरचं. १९२८ ते १९३१ या ए मॉडेलच्या सगळ्या काळात कंपनी त्याला हिरवा रंग देत होती. हे डॉक्टरांना ठाऊक होतं. फोर्डचा म्हणून जो निळा प्रसिद्ध आहे तो १९६६ नंतरचा, हेही ठाऊक होतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी दोन नमुने आणले होते, दोन्ही त्याच इंजिनाचे. एक डायनमोच्या ब्रॅकेटखालचा, गडद हिरवा. दुसरा त्यांच्या मेस्त्रीने कॉस्टिकमध्ये बुडवून काढलेल्या एका झाकणाच्या कडेचा, तो शेवाळलेल्या पिवळ्यासारखा, मातकट. "यातला खरा कुठला?"

खरा एकच होता. त्या काळी गडद हिरवा करायची सर्रास रीत म्हणजे क्रोम पिवळा आणि प्रशियन निळा एकत्र घोटायचा. ब्रन्सविक हिरवा म्हणतात तो असाच होतो. आता हा प्रशियन निळा कॉस्टिकसारख्या अल्कलीपुढे अजिबात टिकत नाही. कॉस्टिक लागला की तो मोडतो आणि गंजासारखा तपकिरी पदार्थ मागे राहतो. हिरव्यातला निळा गेला, उरला पिवळा आणि गंज. उष्णतेनेही त्याची तीच गत होते, म्हणून मॅनिफोल्डला लागून असलेला हिरवा चहाच्या चोथ्यासारखा दिसतो आणि लोक म्हणतात इंजिन मुळात तपकिरी होतं. डॉक्टरांसमोर मी दुकानातल्या जुन्या हिरव्याचा एक ठिपका काचेवर वाळवून ठेवला होता, त्यावर कॉस्टिकच्या पाण्याचा थेंब टाकला. आमचा चहा होईपर्यंत ठिपक्याची कड पिवळी पडली. डॉक्टर म्हणाले, "हे तर लिटमससारखं झालं." मग त्यांनी तिथूनच मेस्त्रीला फोन केला, उरलेले भाग पिंपात टाकू नको म्हणून.

मग तो हिरवा बनवायला बसलो. इथे माझ्याबरोबर आमच्या गल्लीतले एक काका असतात, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेले. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम गेलं, पण डोळा गेला नाही. बाबूराव पेंटरांच्या गावात असे डोळे अजून शिल्लक आहेत, ते हाताशी धरा. आम्ही ब्रॅकेटखालच्या रंगाच्या कोपऱ्यावर रबिंग कंपाउंड लावून कापडाने दोन-तीन हात फिरवले, कारण जुन्या रंगावर पांढरट भुकटी येते आणि तो आहे त्यापेक्षा फिका वाटतो. मग २२६ नंबरचा हिरवा घेतला.

या नंबराबद्दल दोन शब्द. आपल्याकडे रंगांचं भारतीय मानक आहे, आयएस ५, आणि त्यातले नंबर ब्रिटिश मानकावरून आलेले आहेत. पहिला आकडा १ असला की निळा, २ हिरवा, ३ पिवळा, ४ तपकिरी, ५ लाल-नारिंगी, ६ करडा. उद्यमनगरातला पोरगा "सहाशे बत्तीस द्या" म्हणतो तेव्हा त्याला डार्क ॲडमिरल्टी ग्रे हवा असतो. पॅनेलवाले ६३१ मागतात. हे सोयीचं आहे, इंग्लिश गाड्यांसाठी तर बऱ्यापैकी जवळ जाता येतं. पण डेट्रॉइटला कुणी हे नंबर बघून रंग बनवत नव्हतं. त्यामुळे अमेरिकन इंजिनासाठी नंबर ही फक्त सुरुवात. २२६ मध्ये काळा थेंबाथेंबाने, मग पिवळा, मग परत काळा. अकराव्या खेपेला काका म्हणाले, "बास."

मी म्हटलं थांबा, आणि वाटी घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर गेले. ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो. दोन वेगळ्या मसाल्यांतून केलेला एकच रंग एका उजेडात एक दिसतो, दुसऱ्यात दोन. बाहेर आमचा हिरवा निळसर निघाला. परत आत. तेराव्या खेपेला उन्हातही जुळला. साडेअकरा ते एक या वेळात, रंग वाळल्यावर, हातभर लांबून बघायचं. ओला रंग कधी जुळवू नये.

इथे एक आगाऊ सूचना. इंजिनासाठी म्हणून '६०० डिग्री'चा डबा लोक हौसेने घेऊन जातात. तो मॅनिफोल्डला आणि सायलेन्सरला. ब्लॉकमध्ये पाणी फिरतं, त्याचं तापमान शंभराच्या आतच राहतं. तो सिलिकॉनचा रंग पक्का व्हायला दोनशेच्या आसपास उष्णता लागते, ती ब्लॉकवर मिळत नाही, म्हणून तो कच्चा राहतो आणि पेट्रोलचं फडकं फिरवलं की हाताला येतो. ब्लॉकला चांगलं सिंथेटिक इनॅमल पुरतं. मूळ कारखान्यांतही असंच साधं काहीतरी मारलेलं असायचं, आणि तेही घाईत. इंजिन जोडून झाल्यावर गन फिरायची, त्यामुळे गॅस्केटच्या कडेवर, बोल्टांच्या डोक्यांवर रंग असायचा. आज आपण प्रत्येक बोल्ट क्रोम करून आरशासारखा बसवतो. दिसतं सुंदर, लग्नातल्या मांडवासारखं. मूळ मात्र नसतं.

एका कंपनीचा एकच रंग, ही समजूतही सोडायला हवी. इंग्लंडच्या बी-सीरीज इंजिनाचं उदाहरण घ्या, १४८९ सीसीचं. तेच घराणं आपल्या ॲम्बेसेडरमध्ये आलं आणि तेच एमजीए या दोन सीटांच्या स्पोर्ट्स गाडीत होतं. एमजीएमध्ये ते गडद मरून. म्हणून ॲम्बेसेडर उघडणाऱ्याने इंटरनेटवरचा मरून बघून डबा उचलू नये, आपल्या ब्लॉकवरची प्लेट आधी उचलावी. जग्वारने तर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, रंगावरून जात सांगितली होती; ३.८ लिटरच्या ई-टाइपचं हेड सोनेरी, सी-टाइप हेड लाल. फर्ग्युसनचा छोटा ट्रॅक्टर नखशिखांत करडा, इंजिनासकट. आणि लढाईआधीच्या रोल्स रॉइसमध्ये सिलिंडरचा ठोकळा काळा आणि खालचं क्रँककेस उघडं ॲल्युमिनियम. तिथे चांदीचा ब्रश फिरवणं म्हणजे चांदीच्या ताटाला चांदीचा रंग देणं. आमच्या दसऱ्याच्या शाही सोहळ्यात छत्रपतींची मेबॅक मोटार येते. लहानपणापासून दसरा चौकात दोरीच्या पलीकडून बघते आहे, पण तिचं बॉनेट उघडलेलं मी कधी बघितलं नाही. आत काय रंग असेल, हा विचार सोनं लुटताना डोक्यात येणारी कोल्हापुरातली मी एकटीच असेन.

आता कुणी विचारेल, कायदा काय म्हणतो? काही म्हणत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तर व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. फी वीस हजार, दहा वर्षांसाठी. पुढे नूतनीकरणाला पाच हजार. गाडी प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. चांगला नियम आहे. इंजिनाच्या रंगाने तिथे कुणाचा कागद अडणार नाही, आणि अडूही नये. नाहीतर रंगाच्या दाखल्यासाठी एजंट उभे राहतील. म्हणूनच हे काम लोकांच्या समजुतीवर आणि थोडं तुमच्यावर आहे.

तुमच्याकडे मागणं एवढंच, की त्या फोटोखालची ओळ दुरुस्त करा. 'नव्याने रंगवलेले इंजिन' एवढं लिहिलं तरी पुरे, त्यात मालकांचा अपमान नाही. प्रदर्शन भरवणाऱ्यांना सुचवते, की बॉनेट उघडं ठेवणाऱ्या गाडीसमोर एक लहान पाटी लावा. इंजिनाचा नंबर काय, रंग कधी दिला, आणि तो कशावरून ठरवला. जुन्या थरावरून, कंपनीच्या कागदावरून, की आवडला म्हणून. 'आवडला म्हणून' हेही उत्तर चालेल. बक्षीस देताना परीक्षकांनी ती पाटी वाचावी.

आणि गॅरेजच्या पोरांना सांगते, नमुना आणायचा असेल तर मोबाइलवर फोटो आणू नका. प्रत्येक मोबाइलचा हिरवा वेगळा असतो. खपली आणा, नखाएवढी. शेजारचा फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी त्यांच्याकडून फिल्मच्या काळ्या डब्यांची अख्खी पिशवी घेतली होती. त्यात मी खपल्या ठेवते, वर पट्टी चिकटवून, गाडी, साल, इंजिनावर कुठे सापडली, तारीख. एकोणतीस डब्या भरल्या आहेत. तिसावीवर 'कागल, जीप' लिहिलेलं आहे, ती रिकामी आहे.

त्या नारिंगी शेव्हरलेच्या मालकांना तुमच्यामार्फत एक निरोप. फोटो मी भिंग लावून बघितला. डायनमोच्या ब्रॅकेटखाली गन पोचलेली दिसत नाही, तिथे एक सावलीसारखी कड आहे. दोन बोल्ट सैल करा, ब्रॅकेट बोटभर सरकवा आणि रॉकेलचा बोळा फिरवा. कॉस्टिक लावला नसेल तर तिथे करडा असायला हवा. सापडला तर दुकानात घेऊन या. मी सकाळी दहाला उघडते, सोमवारी बंद असतं.

आपली वाचक,
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर
(नाव व पत्ता सोबत स्वतंत्र चिठ्ठीवर दिला आहे, छापू नये.)